पाच डब्ल्यू तीस

डब्ल्यू म्हणजे विंटर, गुलदाद म्हणाला
आणि बोटानं डब्याच्या लेबलवरची धूळ पुसली.
तेवीस वर्षं मी या अक्षराला वजन समजत होते.

बाहेर नोव्हेंबर. उम्म अल कुवैनच्या खाडीवरून
खारट, ओलसर वारा. गॅरेजच्या पत्र्याला
मार्चनंतर आज पहिल्यांदा हात लावता आला.
यालाच इथे हिवाळा म्हणायचं:
स्वेटर काढायचा, डांबरगोळीचा वास घ्यायचा,
घडी न मोडता परत ठेवायचा.

त्यानं डिपस्टिक ओढली.
मी सवयीनं पुढे झाले,
थेंब अंगठ्या-तर्जनीत चोळला.
जन्म लॅबमध्ये गेला,
कुठलाच थेंब मला नुसता बघवत नाही.
काळा. पातळ. पेट्रोलचा किंचित वास.

"हे असंच ठेवून गेलात तर आतून खाईल.
चालत्या गाडीला जुनं तेल एकवेळ चालतं,
उभ्या गाडीला नाही."
तो गाडीबद्दलच बोलत होता.
मी मान डोलावली, जरा जास्तच वेळ.

किती दिवस?
चार महिने. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन.

आईचं ऑपरेशन जूनमध्येच झालं.
ती आता संगमेश्वरला ओटीवर बसून
दिवेलागणीलासुद्धा सुईत दोरा ओवते.
माझ्या पर्समध्ये हॉस्पिटलचा कागद, चौघडी घातलेला.
करार पुढे नाही. आभार. दोन सह्या.

टाकी गळ्यापर्यंत भरा, रिकाम्या जागेत पाणी धरतं.
टायरमध्ये हवा चार पौंड जास्त.
बॅटरीची काळी वायर आधी.
हँडब्रेक ओढायचा नाही, चिकटून बसतो;
चाकामागे वीट लावा.
सायलेन्सरमध्ये चिंधी, उंदरांसाठी.
आणि कुणाला सांगू नका
आठवड्याला पाच मिनिटं सुरू कर म्हणून.
पाच मिनिटांत इंजिन तापत नाही,
त्याला नुसता घाम सुटतो.

मी नेमकं तेच सांगून आले होते वॉचमनला,
किल्ली आणि खजुराचा एक डबा देऊन.

काउंटरवर तीन डबे.
त्यानं स्वस्तातला पुढे सरकवला, वीस डब्ल्यू पन्नास,
जाड, काकवीसारखं, टॅक्सीवाले घालतात ते.
मी शेवटच्या डब्यावर हात ठेवला.
"मॅडम, खडी गाडी को इतना महंगा तेल?"

त्यानंच तर मघाशी सांगितलं होतं:
महिनोन्‌महिने उभ्या इंजिनाचा पहिला सेकंद वाईट.
सगळं तेल तळाशी उतरलेलं, वर लोखंडावर लोखंड.
पातळ तेल तेवढ्यात वरपर्यंत पोचतं.
मार्चमध्ये चालवायचीय ना, मी म्हटलं.

खालचा बोल्ट सुटेपर्यंत तो गप्प राहिला.
मग काळी धार ट्रेमध्ये पडत राहिली,
आधी जोरात, मग दोऱ्यासारखी,
मग थेंब. आम्ही दोघं थांबलो.
घाई केली तर थोडं आतच राहतं.

नवं तेल मधाच्या रंगाचं. चार लिटर,
वर अर्ध्याला जरा कमी.
त्यानं मुल्किया मागितली, नंबर लिहून घ्यायला.
कार्ड उलटंसुलटं करून बघितलं.
फेब्रुवारीत संपते. दोघांनाही वाचता येत होतं.

मग दरवाजाच्या कडेला चिकटवायचं ते स्टिकर घेतलं.
आजची तारीख. आजचं रीडिंग: २,८७,४४०.
पुढचा ऑइल चेंज, या रकान्याशी पेन अडलं.
त्यानं ते तळहातावर घासलं, फुंकर मारली,
आणि लिहिलं, गिरवून गिरवून: २,९७,४४०.

दहा हजार किलोमीटर.
घर ते हॉस्पिटल, जाऊन-येऊन अकरा.
म्हणजे नऊशे नऊ फेऱ्या,
शुक्रवार आणि ईद सोडून तीन वर्षं.
मी उभ्या उभ्या हिशेब केला.